उजवी बाही

४ मार्च, सोमवार

आले एकदाची! माझं दार, माझी किल्ली, माझं कुलूप. जिना घराच्या बाहेरून आहे, म्हणजे येताजाता खालच्यांच्या तोंडाकडे बघायला नको. शिलाई मशीन वर चढवताना टेम्पोवाला इतका कण्हत होता, की शेवटी घरमालक धावत आले आणि एक बाजू धरून त्यांनीच ते वर आणून ठेवलं. साठीचे असतील, पण दंडात जोर आहे.

दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीला रस्त्यावर उघडणारी मोठी खिडकी आहे आणि सकाळभर तिथून असा उजेड येतो की काळ्या कापडावर काळा दोरा दिसावा. कापायचं टेबल तिथेच लावलं. दादाकडे मी जेवणाच्या टेबलावर कापड कापायचे आणि वहिनीला ताटात एखादा दोरा सापडला की घरात दोन दिवस भांडी आपटायची. वहिनीचंही बरोबरच होतं म्हणा. दोरा गिळून कोणाचं पोट भरलंय?

आधी जिच्याकडे कामाला होते त्या बुटिकवाल्या मॅडमला मात्र मी माफ करणार नाही. झगे मी शिवायचे, गळ्याला आतून चिठ्ठी तिच्या नावाची. आता दाराबाहेर माझी पाटी लावली आहे: भेटवस्तू, बटवे, पोशाख, सगळं हातचं.

खाली घरमालक आणि त्यांची बहीण राहतात. बायको मागच्या वर्षी वारली. मुलगी लग्न होऊन याच गावात आहे. ती त्या बहिणीला आत्या म्हणते, म्हणून मीही आत्याच म्हणायचं ठरवलं. आत्या बोलत नाहीत फारशा. मी चहाला बोलावलं तर नुसती मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

९ मार्च, शनिवार

पहिल्याच आठवड्यात कामं आली. समोरच्या औषधाच्या दुकानातल्या बाईने भाचीसाठी कापडी फुलांचे हेअरबँड नेले. शाळेतल्या एका शिक्षिकेने बाळंतपणाला निघालेल्या मैत्रिणीसाठी टोपडं आणि दुपटं शिवून घेतलं.

आज घरमालक दोन सुटकेस घेऊन वर आले. बायकोचे कपडे. इतके दिवस कपाट उघडवत नव्हतं म्हणाले. मुलीने नवीन घर घेतलंय, महिनाअखेरीला तिथे सगळे नातेवाईक जमणार आहेत. त्या दिवशी तिला आईच्या कपड्यांतून शिवलेला एक लांब कोट द्यायचा, आणि उरलेल्या तुकड्यांचे बटवे करून घरच्या बायकांना वाटायचे, म्हणजे प्रत्येकीजवळ तिची काहीतरी आठवण राहील. बोलता बोलता त्यांचा आवाज भरून आला. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं वाटलं. ते खाली गेल्यावर मी बराच वेळ सुटकेसवर हात ठेवून बसले होते.

१३ मार्च, बुधवार

शनिवारी लिहिलेलं आत्ता वाचलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

सुटकेस उघडल्या. बाईची आवड फार चांगली होती. रेशमी झगे, लिननचे सदरे, मखमलीचं जाकीट, थंडीचा जाड लोकरी कोट. कापड उलटंसुलटं करून खराब भाग कुठे आहे ते बघायला बसले. कपडा कुठे विरतो ते ठरलेलं असतं. कोपरात, काखेत, खालच्या काठाला. यातलं कुठेही काही नव्हतं. पण प्रत्येक कपड्याला उजव्या खांद्यामागे, बाही जोडतात त्या मुंढ्यापाशी, रफू केलेला होता. फार सुरेख रफू. कापडाचाच धागा काढून भरलेला. बोट फिरवल्याशिवाय कळू नये इतका. मलाही आधी कळला नाही.

एका कपड्याला असता तर मी विसरूनही गेले असते. सगळ्यांना होता. रात्री झोपताना घालायच्या मऊ गाऊनलाही होता.

असं फाटणं मी पाहिलंय. शाळेच्या गणवेशाचे सदरे असे फाटून यायचे. एक पोरगं पळतं, दुसरं मागून बाही धरतं. पुढचा थांबत नाही, मागचा सोडत नाही, आणि शिवण मुंढ्यापासून उसवत कापडासकट निघते.

बाई शाळेत नव्हती. आणि तो लोकरी कोट असा फाडायला किती जोर लागेल ते मला माहीत आहे, कारण आज मी तो दोन्ही हातांनी ओढून पाहिला. एक टाका सुटला नाही.

१५ मार्च

औषधवालीकडे डोकेदुखीची गोळी आणायला गेले आणि आडून आडून विचारलं. ती म्हणाली, घरमालकीण सारखी पडायची बिचारी. तोल जायचा. मुका मार लागायचा, मग मलम न्यायला यायची. शेवटी तशीच गेली, वरच्या जिन्यावरून पडून. वर तेव्हा कोणी राहत नव्हतं. ती वर कशाला गेली होती, कोणाला माहीत नाही.

हे सांगताना बाई माझ्याकडे न बघता काउंटरवरच्या बाटल्या ओळीत लावत होती. त्या आधीच ओळीत होत्या.

मी विचारलं, किती वर्षं मलम नेत होती. ती म्हणाली, अहो, मी लग्न होऊन या दुकानात आले तेव्हापासून. मग म्हणाली, आपल्याला काय करायचंय?

गोळी न घेताच परत आले. अंगाची आग आग होतेय. इतकी वर्षं मलम विकलंस गं. गिऱ्हाईक चांगलं होतं ना तुझं.

१८ मार्च, सोमवार

काम घेतलंय तर करायला हवं, असं ठरवून बसले. रफूचे भाग कापून बाजूला टाकले, चांगल्या कापडाचे बटवे शिवले. अस्तर लावलं, तोंडाला नाडी ओवली, देखणे झाले. टेबलावर मांडून ठेवले आणि आज सकाळी बघते तर सगळे उसवलेले. उंदराने कुरतडलेले नव्हते, फाटलेलेही नव्हते. दोरा कोणीतरी टाका टाका करून सोडवला होता आणि प्रत्येक बटव्याशेजारी सरळ ताणून ठेवला होता.

दार आतून बंद होतं.

पुन्हा शिवायला घेतले. सुई मोडली. दुसरी लावली, ती कापडात न जाता माझ्या बोटात गेली. मशीनची सुई नखातून आरपार जाते तेव्हा कसा आवाज येतो ते आता मला माहीत आहे.

मी घाबरायला हवं होतं. घाबरले नाही, चिडले. दुपारी दादाचा फोन आला, जेवलीस का म्हणून सहज विचारलं त्याने, आणि मी त्याला नाही नाही ते बोलले. तुम्ही सगळे गप्प बसता, असं ओरडले. कशाबद्दल म्हणतेस, असं तो विचारत राहिला. मलाच माहीत नव्हतं. माझा राग मी चांगला ओळखते. तो कुकरसारखा आहे, शिट्टी झाली की उतरला. हा तसा नाही. हा बसून आहे. कुठल्या तरी जुन्या वेळेपासून बसून आहे, आणि आता त्याला माझं तोंड सापडलंय.

२० मार्च, बुधवार

आज दुपारी आत्या पहिल्यांदा वर आल्या. हातात दोऱ्यांचा डबा. मी बाजूला टाकलेले रफूचे तुकडे त्यांनी एकेक करून उचलले, मांडीवर पसरले आणि लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा हात फिरवला.

“हे मी शिवलंय,” त्या म्हणाल्या. “ओळखू येतं का सांग.”

मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? त्या शांतपणे सांगत गेल्या. असं काही झालं की दुसऱ्या दिवशी घरमालकीण फाटलेला कपडा त्यांच्या खोलीच्या दाराशी ठेवायची. बोलायची काही नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत नीट करून, इस्त्री करून परत द्यायच्या. भाऊ तसा वाईट नाही, म्हणाल्या, हात थोडा जड आहे. चार लोकांत जाताना कोणाला काही दिसलं नाही पाहिजे, एवढंच त्या बघायच्या.

“मी शिवत गेले म्हणून हे घर राहिलं.”

मग माझ्या बटव्यांकडे बघून म्हणाल्या की माझा हात त्यांच्यापेक्षा बरा आहे, हे तुकडेही टाकू नकोस, अस्तराच्या आत घाल, दिसणार नाहीत.

मी त्यांना निघायला सांगितलं. नीट सांगितलं नाही. त्यांच्या वयाच्या बाईशी मी आयुष्यात असं बोलले नाही. डबा जिन्यावर फेकला, रिळं खालपर्यंत घरंगळत गेली आणि त्या एकेक गोळा करत उतरल्या.

आत येऊन मी ब्लेड घेतलं आणि एकूण एक रफू उसवला. आत फाटलेलं होतं तसं उघडं केलं. करताना खोलीत असं वाटलं, जसं कोणीतरी फार वेळ धरलेला श्वास सोडला.

आणि मला तेव्हा समजलं, ते बटवे कोणी उसवले आणि का. मीही तेच करायला बसले होते. देखणं करून झाकायला.

२२ मार्च

कोट शिवला. मी शिवला असं म्हणवत नाही. उजव्या बाहीला सगळे फाटलेले खांदे बाहेरून लावले, एकावर एक, माशाच्या खवल्यांसारखे. टाचण्या लागल्या नाहीत. सुई मोडली नाही. कापड माझ्या हातापुढे धावत होतं. जेवले की नाही आठवत नाही.

अस्तर मी कापलं नव्हतं. सकाळी ते कापलेलं होतं.

कोट कपडे बेतायच्या पुतळ्यावर चढवला. सुंदर झालाय, खोटं कशाला बोलू. खिडकी बंद होती. उजवी बाही मागे गेली. हळू नाही. हिसका दिल्यासारखी. पुतळा आडवा पडला.

२४ मार्च, रविवार

घरमालकांची मुलगी ट्रायलला आली. मऊ स्वभावाची पोर आहे. वाटेत खालून वडिलांना भेटून आली, हसत होती. मी ठरवलं होतं की कोट दाखवायचाच नाही, झाला नाही म्हणायचं. पण तिने पुतळ्यावर पाहिला आणि कापड ओळखलं. हा आईचा निळा, हा शाळेच्या कार्यक्रमातला, असं म्हणत गालाला लावत होती. मी अडवेपर्यंत अंगात घातलासुद्धा.

आरशाकडे एक पाऊल टाकलं आणि थांबली. नाही, थांबवली गेली. उजवा हात सरळ मागे गेला, खांदा वर आला, टाच उचलली गेली. तिने मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. मी तिच्या समोर उभी होते, तोंडात टाचण्या धरून.

तो कोट तिने फार जपून काढला.

“मी टेबलाखाली होते,” ती म्हणाली.

लहान होती. तिला आईचे पाय दिसले होते. एक टाच जमिनीवर, एक उचललेली, आणि मागे बाबांचे बूट. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी सांगितलं, आई पडली. पुढे दरवेळी तेच सांगितलं. इतक्यांदा सांगितलं, की टेबलाखालचं आपल्याला स्वप्नच पडलं असेल असं ती समजून बसली. मागच्या वर्षीही तिने विश्वास ठेवला.

जाताना म्हणाली, यातलं काही शिवू नका, आहे तसं राहू द्या. आणि मी आज बाबांना विचारणार आहे.

मी तिला थांबवायला हवं होतं. मला थांबवायचं नव्हतं. विचारू दे. कोणीतरी विचारू दे.

२५ मार्च

काल खालून आवाज आले. आधी तिचा, मग त्यांचा, मग काहीच नाही.

सकाळी तिचा फोन. तुझी आई डोक्याने अधू होती, असं म्हणाले. मग तिला बाहेर काढून दार लावलं. आत्या तिथेच बसल्या होत्या, सुईत दोरा ओवत. वर बघितलंसुद्धा नाही.

नवरा परगावी आहे, तो परवा आला की दोघं पोलिसांकडे जाणार. कपडे आणि कोट जपून ठेवा म्हणाली.

मी तिला आमच्याकडे, म्हणजे दादाकडे जाऊन राहा म्हटलं. मलाही तिथेच जायला हवं. पण सुटकेस घेऊन जिना उतरून फाटकापर्यंत जायचं म्हणजे त्यांच्या दारावरूनच.

नाही जाणार. मी का जाऊ?

२६ मार्च, मंगळवार

घरमालक वर आले. आंघोळ केलेले, भांग पाडलेला. ताई, म्हणाले, मुलीची तब्येत बरी नाही, कार्यक्रम पुढे ढकललाय, तेव्हा कपडे परत द्या. आणि तुम्हालाही दुसरी जागा बघावी लागेल.

देणार नाही म्हटलं. हसले. एक हात दाराच्या चौकटीवर होता. दुसऱ्याने त्यांनी माझ्या उजव्या बाहीला हात लावला, अलगद, दोन बोटांनी.

“दोरा लागलाय,” म्हणाले.

आणि गेले.

नंतर बघितलं. मुंढा उसवलाय. खांद्यामागे, तळहात जाईल एवढा. ओढल्याचं कळलंसुद्धा नाही मला. खांदा दुखतोय. आरशात बघितलं तर निळा पडलाय. आजचा नाही वाटत. पिवळसर कडा आहेत, जुन्या माराला असतात तशा.

मुलीला फोन लावला. लागत नाही. दादाला लावला. तो रागावलाय, उचलत नाही. बरोबर आहे.

२७ मार्च. सकाळ

न्हाणीघरातून बाहेर आले तर सुटकेस नाहीत. दार उघडं. दाराला कडी नाही, नुसतं कुलूप, आणि आत्यांकडे त्याची दुसरी किल्ली आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

खिडकीतून दिसतंय. अंगणात पत्र्याचं पिंप, त्यात जाळ. आत्या कापून उरलेला एकेक कपडा नीट घडी करून टाकताहेत. घडी करून. निळा गेला. गाऊन गेला. ते शेजारी उभे आहेत, खिशात हात घालून.

रस्त्यावरून माणसं जाताहेत. औषधवाली दारात आहे. बघते आहे. बघून आत गेली.

फक्त कोट राहिला. पुतळ्यावर होता, पडद्यामागे, म्हणून त्यांना दिसला नाही. आता मोजदाद करतील. येतील.

घातला मी अंगात. वरपासून खालपर्यंत बटणं लावली. आता या म्हणावं. अंगावरून कसा काढून घेता तेच बघते.

दुपार

काढता येत नाही. बटणं अडकली नाहीत. काजंच नाहीत. मी स्वतः केलेली काजं, हाताने, तिथे नुसतं सलग कापड आहे.

उजवा हात माझं ऐकत नाही. हे डाव्या हाताने लिहितेय, अक्षर

मुलीचा फोन आला. निघालेय म्हणाली. तासाभरात. दार उघडू नका

ते जिन्याशी आहेत. आत्या त्यांना काहीतरी देताहेत. किल्ली.

मला भीती वाटतेय. लिहायला हवं, कारण राग इतका आहे की भीती त्याच्याखाली दबून जातेय, आणि राग माझा नाही, पण आता थोडा माझाही —

चढताहेत. सावकाश.

ताई म्हणत नाहीत. ए, म्हणताहेत. ए, ऐकलंस का. दार उघड. किती वेळा सांगायचं तुला. मला कोणी असं

खिडकीतून कोट दिसला असेल. पाठमोरी मी त्यांना तीच वाटले अस

उजवा हात टेबलावर चाचपतोय. कातर माझ्या डाव्या बाजूला आहे. त्याला पोचत नाही.

मी ती उजव्या हाताकडे सरकवली. मी. कोणी माझ्याकडून करून घेतलं नाही.

कुलपात किल्ली. ओरडायला तोंड उघडलं, खाली रस्त्यावर कोणाला तरी — आणि माझ्या तोंडातून निघालं, या ना आत. इतक्या गोड आवाजात. माझा आवाज असा कधीच

दार